भिंतीत घातलेले साठ डॉलर

ग्लेनिस पेंगिलीसारखी चिवट बाई आमच्या वॉलरू गावात दुसरी नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतेय असं कुणी समजू नये. एकवीस वर्षं मी तिच्या शेजारी राहतेय, त्यातली सोळा वर्षं तिच्याबरोबर वृद्धाश्रमाच्या भटारखान्यात बटाटे सोललेत. तिच्या चिवटपणाचा मला जेवढा ताप झाला तेवढा तिच्या नवऱ्यालाही झाला नसेल. त्याला निदान तिचं हसू यायचं.

गव्हाच्या कोठारांमागच्या गल्लीत त्यांनी घर घेतलं तेव्हा ती पंचेचाळीसची होती आणि मर्विन अठ्ठेचाळीसचा. चार खोल्यांचं दगडी घर, वर पत्रा, मागं पडवी. मुलगा शिकून पर्थला निघून गेलेला. एवढ्या उशिरा घर घेणारी माणसं आमच्याकडे फारशी नसतात, पण तोवर त्यांच्याकडे बयाण्यापुरतेही पैसे कधी साठले नव्हते. बँकेनं बहात्तर हजार डॉलर तीस वर्षांच्या मुदतीनं दिले. दर पंधरवड्याला दोनशे पंधराचा हप्ता. ग्लेनिसनं तिथंच बोटं मोजली आणि बँकेतल्या माणसाला म्हणाली, "म्हणजे फिटेल तेव्हा मी पंचाहत्तरीची. तेव्हा मला घर घेऊन काय करायचंय? आश्रमात कुणीतरी चमच्यानं लापशी भरवत असेल मला."

तो बिचारा म्हणाला, "जास्त भरायला आमची ना नाही, मिसेस पेंगिली."

त्यानं हे सहज म्हटलं असेल. ग्लेनिसनं ते मनावर घेतलं. पहिल्याच पंधरवड्यापासून ती दोनशे पंधराच्या जागी दोनशे पंचाहत्तर भरायला लागली. हप्ता खात्यातून आपोआप जायचा, पण वरचे साठ ती स्वतः बँकेत जाऊन रोख भरायची. एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी आमचा पगार व्हायचा. दुपारची भांडी आटोपली की ती अंगावरच्या एप्रनसकट बँकेत हजर. खिडकीवर आधी कर्स्टीची आई बसायची, नंतर कर्स्टी बसायला लागली. साठ डॉलर मोजून द्यायचे, पावती घ्यायची, पावतीवरचा आकडा दोनदा वाचायचा, मग घरी.

तिच्या हट्टाचं कारण मला उशिरा कळलं. तिचा बाप शेतांना कुंपणं घालायची कामं करायचा. काम संपलं की गाव बदलायचं. ती पंधरा वर्षांची होईतो अकरा भाड्याची घरं झाली होती. घरमालकाची थाप दारावर पडली की तिची आई आधी पडदे उतरवायला घ्यायची. त्या पडद्यांना खाली वीतभर कापड दुमडून शिवलेलं असायचं, पुढच्या घराच्या खिडक्या लांब निघाल्या तर सोडता यावं म्हणून. हे सांगताना ग्लेनिस रडली वगैरे नाही. मीच रडले.

मर्विन कोठाराच्या वजनकाट्यावर होता. सुगीच्या दिवसांत गव्हाचे ट्रक रांगेनं यायचे, ते तोलायचे आणि पुढं सोडायचे. स्वभावानं मऊ, जिभेनं तिखट. ग्लेनिस बँकेतून आली की हा पडवीत पाय पसरून विचारायचा, "काय राणीसरकार, आज काय विकत घेतलं?"

"न्हाणीघराचं दार," ती म्हणायची.

"कडीसकट?"

"कडी पुढच्या पगाराला."

हा त्यांचा खेळच होता. साठ साठ डॉलरनी तिनं बँकेकडून घर सोडवायला घेतलं. न्हाणीघर झालं, पुढची खोली झाली, स्वयंपाकघराला तर तिला पाच वर्षं लागली. ती म्हणायची, हे पैसे मी भिंतीत घातले, आता ते कुणाचा बाप काढू शकत नाही. व्याजदर खाली आला की बँकेचं पत्र यायचं, आता तुमचा हप्ता कमी करून देऊ का म्हणून. ती ते पत्र उलटं करून त्यावर वाणसामानाची यादी लिहायची. मर्विन म्हणायचा, "कळवून टाक त्यांना, आमच्या बाईला कमी भरायचं शिकवलेलंच नाही कुणी."

साठावर भागेना तेव्हा तिनं पॅस्टी विकायला सुरुवात केली. मोठ्या करंजीएवढी, आत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगम. आमचे सगळ्यांचे पणजोबा विलायतेतून तांब्याच्या खाणीत कामाला आलेले कॉर्निश लोक, त्यामुळं पॅस्टीच्या बाबतीत गावात प्रत्येकाला अक्कल आहे. तिच्या पॅस्टीला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. ती जुन्या रीतीनं ज्याच्या त्याच्या नावाची अक्षरं कोपऱ्यावर कणकेनं काढून द्यायची. शनिवारी पहाटे उठून साठ-सत्तर पॅस्ट्या वळायच्या, दुपारपर्यंत दारोदार पोचवायच्या, त्याचे पैसेही भिंतीत. नवा कोट नाही, ॲडलेडची सहल नाही. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, जरा जग की." तर म्हणते, "जगतेच आहे. तुला काय मी मेलेली दिसते?"

असं करत पंधराव्या वर्षी कर्ज अकरा हजार चारशेवर आलं. बँकेच्या हिशेबानं तेव्हा पन्नास हजारांच्या वर उरायला हवं होतं. मर्विनच्या भाषेत बँकेकडे आता फक्त मागची पडवी राहिली होती. दीड वर्षात घर मोकळं झालं असतं.

पण तोवर तिचा उजवा खुबा झिजून गेला होता. बाई आठ तास भटारखान्यात उभी, शनिवारी ओट्यापाशी उभी, दुसरं काय होणार. आधी लंगडायला लागली, मग भिंतीला धरून चालायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदलावा लागेल. सरकारी इस्पितळाच्या यादीत नाव घातलं तर दोन वर्षं तरी नंबर लागत नव्हता. खासगीत केलं तर अठ्ठावीस हजार. अठ्ठावीस हजार हा आकडा ऐकून ती म्हणाली, "यादीत घाला," आणि विषय संपवला.

मर्विननं तोपर्यंत नोकरी सोडली होती. दम लागतो म्हणाला. गाडी चालवायचीही सोडली, डोळे बरे नाहीत म्हणाला. आम्ही विश्वास ठेवला. रोज संध्याकाळी ग्लेनिस त्याला धक्क्यावर घेऊन जायची. आमचा धक्का समुद्रात लांबवर गेलाय, शेवटाला पोरंटोरं निळ्या खेकड्यांसाठी जाळी टाकून बसलेली असतात. मर्विन हळूहळू टोकापर्यंत जायचा, खेकडे बघून परत यायचा. ग्लेनिस गाडीतच बसून राहायची. टोकाला पोचला की तो वळून हात हलवायचा, ती गाडीचा दिवा एकदा लावून विझवायची.

एका सोमवारी ती कामावर असताना मर्विन माझ्या दाराशी आला. त्या दिवशी मला सुट्टी होती.

"एव्ही, मला बँकेत सोडतेस? आणि तोंड बंद ठेवतेस?"

"पहिलं जमेल," मी म्हटलं.

"दुसरंही जमव. एकदाच."

बँकेतून तो पंधरा मिनिटांत बाहेर आला. गाडीत बसल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. जास्तीचे भरलेले पैसे बँक मागितले तर परत देते, तसं कर्जाच्या कागदातच लिहिलेलं असतं. ग्लेनिसनं ते कलम कधी वाचलंच नव्हतं. आणि कर्ज घेताना त्या माणसानं विचारलं होतं, पैसे काढायला एकाची सही चालेल की दोघांची लागेल? ग्लेनिस तेव्हा बोटांवर वर्षं मोजत होती. मर्विननं सांगून टाकलं, एकाची चालेल, हिला कुठं वेळ असतो. पंधरा वर्षांपूर्वी त्या माणसानं कागदावर केलेल्या एका खुणेवर मर्विननं आज अठ्ठावीस हजार काढले होते आणि तिथूनच ॲडलेडच्या इस्पितळाला पाठवले होते. शस्त्रक्रियेची तारीखही घेतली होती, साडेतीन आठवड्यांनंतरची.

"ती तुला उभा चिरेल," मी म्हटलं.

"आधी नीट उभी तर राहू दे," मर्विन म्हणाला.

गुरुवारी मी ग्लेनिसबरोबर बँकेत गेले. जायला नको होतं, पण न जाऊन सांगणार काय? तिनं साठ आणि पॅस्ट्यांचे एकशे चाळीस असे दोनशे डॉलर सरकवले. पावती हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली.

"कर्स्टी, हे कुणा दुसऱ्याचं आहे बाळा. एकोणचाळीस हजार दोनशे लिहिलंय."

कर्स्टी लालबुंद झाली. "तुमचंच आहे, मिसेस पेंगिली. मिस्टर पेंगिली सोमवारी येऊन गेले. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

ग्लेनिस भिंतीला धरत बाहेर आली, गाडीत बसली. आम्ही घरी आलो. मर्विन स्वयंपाकघरात चहा करत होता. तिनं पावती त्याच्यासमोर आपटली.

"पंधरा वर्षं, मर्व्ह! पंधरा वर्षं मी काय उन्हात कपडे वाळवत होते? पडवी राहिली होती नुसती. पडवी! काय काय परत देऊन आलास त्यांना?"

"स्वयंपाकघर दिलं," तो शांतपणे म्हणाला. "पुढची खोली दिली. न्हाणीघर ठेवलंय. तुला पहाटे उठावं लागतं."

"थट्टा करतोस? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते!"

"म्हणून नाही विचारलं."

मग तिनं त्याला विचारलं, पण बघत माझ्याकडे होती. "आणि तू तर गाडी चालवत नाहीस रे. बँकेत नेलं कुणी?" मी तोंड उघडायच्या आतच तिला उत्तर मिळालं होतं. माझा चेहरा काही लपवायच्या कामाचा नाही.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भटारखान्यात माझ्या हाताला हात लागायचा, तरी दुसऱ्या कुणाला तरी म्हणायची, "एव्हरिलला सांगा, गाजरं फार जाड कापलीत." घरी मर्विनशीही तेच. जेवण ताटात वाढायची आणि पाठ फिरवायची. इस्पितळाचं पत्र तिनं फ्रिजवर चिकटवलं होतं, त्यात लिहिलं होतं की पुढच्या शुक्रवारपर्यंत रद्द केलं तर सगळे पैसे परत मिळतील. ती रद्द करणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

नवव्या दिवशी, म्हणजे त्या शुक्रवारीच, ती माझ्या मागच्या पायरीवर येऊन बसली. मी चहा आणून दिला. मग तिनं सांगितलं.

सकाळी तिनं इस्पितळाला फोन लावला होता. तिकडच्या बाईनं थांबायला सांगितलं आणि कानात बाजा वाजायला लागला. मर्विन समोर खुर्चीत बसला होता. त्यानं तिला थांबवलं नाही. एवढंच म्हणाला, "ग्लेन, माझे डोळे चांगले आहेत. हृदय गेलंय. ॲडलेडच्या डॉक्टरनं मार्चमध्येच सांगितलं. दोन वर्षं म्हणाला, नशीब असेल तर तीन. मला घराचा कागद बघायची एवढी हौस नाही. मला धक्क्यावर गेल्यावर मागं वळून गाडीचा दिवा बघायचा कंटाळा आलाय. तू बरोबर चल."

तेवढ्यात ती बाई फोनवर परत आली आणि तिनं विचारलं, काय मदत करू? ग्लेनिस म्हणाली, "इस्पितळात येताना स्वतःच्या चपला आणायच्या की तुम्ही देता?"

हे सांगून ती चहा प्यायली. "माझ्याशी इतकं खोटं बोलला तो, एव्ही," ती म्हणाली. "डोळे म्हणे." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बाईला राग कशाचा आलाय, दुःख कशाचं झालंय, तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. सहा आठवडे ती वॉकर धरून चालली, मग काठी, मग काठीही सुटली. आणि सप्टेंबरात, आमच्याकडच्या वसंतात, मी एका संध्याकाळी दोघांना धक्क्यावर पाहिलं. आता ती पुढं आणि तो मागं असं झालं होतं. ती चार पावलं झपाझप टाकायची, मग लक्षात आलं की थांबायची, पाटीवरची मासेमारीची नियमावली वाचल्याचं सोंग करायची. तो येऊन पोचला की पुन्हा निघायची. ती नियमावली तिची पाठ झाली असणार. टोकाला पोचले की बाकावर बसायचे, पोरांच्या बादल्यांत डोकवायचे, खेकडा लहान असला तर मर्विन त्यांना परत सोडायला लावायचा. अंधार पडायच्या आत परत. पाऊस नसेल तर रोज.

तोंड मात्र तिचं बंद झालं नाही. जाता-येता त्याला ऐकवायची, विचारायला हवं होतंस. तो म्हणायचा, हो, हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हप्ते आणि वरचे साठ चालूच होते, पॅस्ट्याही.

त्यानंतर दोन वर्षं आणि तीन महिन्यांनी, डिसेंबरमधल्या एका मंगळवारी, मर्विन गेला. सकाळी चहा घेऊन गेली तर उठला नाही. चर्च भरलं होतं, कोठारावरची सगळी माणसं आली होती. लोक पांगल्यावर ग्लेनिस स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली आणि एकदम चिडून बोलली, "बँकेच्या घरात गेला तो. माझ्या घरातून जायला हवा होता. दीड वर्षात झालं असतं, एव्ही. मोकळ्या घरातून गेला असता." मी तिच्या बश्या पुसत राहिले. तेव्हा अजून तीस हजारांवर बाकी होती आणि ते टोचणं पुढची चार वर्षं तिच्या मनातून गेलं नाही. त्याचं नाव निघालं की ती आधी चिडायची.

चार वर्षं तिनं एकटीनं भरलं. नोकरी सुटायच्या वयात सोडली नाही, शनिवारच्या जोडीला बुधवारी पॅस्ट्या सुरू केल्या. मुलानं पर्थहून लिहिलं, आई, उरलेले मी भरतो. तिनं उत्तर पाठवलं, तू तुझं भर. एखाद्या पंधरवड्याला तर साठच्या जागी चारशे जायचे. धक्क्यावर मात्र ती फिरकली नाही. मी बोलावलं तर म्हणायची, गुडघा दुखतो. खुबा कधी म्हणाली नाही.

गेल्या महिन्यात, एका गुरुवारी, तिनं शेवटचे दोनशे सहा डॉलर भरले. नऊ वर्षं आधी. कर्स्टी खिडकी सोडून बाहेर आली आणि तिनं ग्लेनिसला मिठी मारली, मागं रांगेत उभे असलेले दोन शेतकरीही हसले. पुढं तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं, कर्ज पूर्ण फिटलं, घरावर आता कुणाचा बोजा नाही. मी केक केला होता. तिनं पत्र वाचलं, घडी केली आणि म्हणाली, "चल, धक्क्यावर जाऊ."

गाडी काढायला निघाले तर म्हणाली, "चालत." आणि अशी सुटली की मला धाप लागली. सहासष्टीची बाई, पाठ ताठ, पाय कुठं अडखळत नाही. टोकाच्या बाकावर पोचले तेव्हा ती आधीच बसलेली होती, पत्र मांडीवर.

"मी हिशेब केला," ती म्हणाली.

"आजच सुचला तुला?"

"ऐक ना. त्यानं पैसे काढले नसते तर हे पत्र पाच वर्षं आधी आलं असतं. तो जिवंत असताना आलं असतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग ते पत्र हातात घेऊन मी तिथं गाडीत बसले असते." तिनं मागं किनाऱ्याकडे बोट केलं. "आणि तो एकटा इथं येऊन हात हलवून परत गेला असता. शेवटपर्यंत. यादीत माझा नंबर कधी लागला असता देव जाणे. त्याऐवजी सव्वादोन वर्षं मी त्याच्याबरोबर इथं आले. रोज. अठ्ठावीस हजारांत." तिनं मांडीवरचं पत्र हातानं सरळ केलं. "स्वस्तात पडलं गं, एव्ही. मला कळलंच नाही, इतकं स्वस्तात पडलं."

"त्याला सांगितलंस कधी?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "रोज त्याच्या शेजारी इथं बसायची आणि रोज म्हणायची, विचारायला हवं होतंस. तो बिचारा म्हणायचा, हो, हवं होतं." आणि मग तिचा बांध फुटला. पडदे शिवणाऱ्या आईबद्दल बोलताना न रडलेली बाई, मर्विनच्या कबरीपाशीही न रडलेली, तिथं खेकडे पकडणाऱ्या पोरांसमोर मोठ्यानं रडली. मी तिला आवर म्हटलं नाही. वारा सुटला होता, म्हणून ते पत्र तेवढं तिच्या मांडीवरून घेतलं आणि उडू नये म्हणून माझ्याखाली दाबून धरलं.